'रेड ऑर ग्रीन?': न्यू मेक्सिकोची मिरची कशी भाजावी, कशी रांधावी आणि कशी मागावी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या कुठल्याही गल्लीतल्या छोट्या रेस्टॉरंटात एन्चिलाडा (सारण भरलेल्या, सॉस घातलेल्या मक्याच्या पोळ्या) मागवा, वाढणारा लगेच विचारेल, "रेड ऑर ग्रीन?" लाल मिरचीचा सॉस की हिरव्या मिरचीचा, एवढाच त्याचा अर्थ. पण हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. 1965 साली मिरचीला पिंटो बीन्सबरोबर (राजम्यासारख्या ठिपकेदार शेंगदाण्यांबरोबर) 'राज्याची भाजी' हा मान मिळाला आणि 2023 साली हिरवी मिरची भाजतानाचा वास 'राज्याचा सुगंध' ठरला. तिथे मिरची तोंडी लावायला नसते, तीच भाजी असते आणि तोच रस्सा. माणशी वाटीभर पोटात जाते, म्हणून चिमूटभर तिखटात खपून जाणारी चूक इथे खपत नाही. साल राहिली, बी राहिलं किंवा तिखट जळलं, तर ते प्रत्येक घासाला कळतं.

मिरची निवडताना

'हॅच' ही मिरचीची जात नाही. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातलं ते एक गाव आहे आणि त्या परिसरात पिकलेली मिरची त्याच्या नावाने विकली जाते. म्हणून विक्रेत्याला जात विचारा. '6-4' सौम्य असते. 'बिग जिम' लांबलचक आणि जाड गराची, भरून तळायच्या चिले रेयेनोसाठी उत्तम. पण तिच्या एकाच झाडावर एक मिरची गोडसर आणि दुसरी झणझणीत निघू शकते. 'सँडिया' तिखट, तर 'बार्कर' खूपच तिखट. पहिल्यांदा करत असाल तर 6-4 घ्या.

मिरची सरळ, चपटी, तुकतुकीत आणि हाताला जड लागणारी हवी. वाकड्या मिरचीच्या खाचेत आच पोचत नाही, तिथली साल कच्ची राहते आणि सोलताना गर फाटतो. भाजून, सोलून, बिया काढल्यावर वजन निम्म्याच्या आसपास उतरतं. तेव्हा अर्धा किलो तयार मिरची हवी असेल, तर किलोभर ताजी आणा.

भाजणे

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथल्या बाजारांच्या आवारात जाळीचे मोठे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरताना दिसतात. अख्खं पोतं त्यात ओततात आणि काही मिनिटांत ते भाजून मिळतं. घरी तेच काम ओव्हनचा ब्रॉयलर (वरून प्रखर आच देणारा भाग), कोळशाची शेगडी किंवा गॅसची आच करते.

मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या पुसा. ओल्या मिरच्या भाजण्याऐवजी आधी वाफवल्या जातात. प्रत्येकीला देठाजवळ सुरीचं टोक टोचून छोटी चीर द्या, नाहीतर आत वाफ कोंडून मिरची फुटते आणि गरम बिया अंगावर उडतात. ब्रॉयलर सर्वात मोठ्या आचेवर ठेवा. ट्रे त्याच्याखाली साधारण 10 सेंटिमीटरवर हवा आणि मिरच्या एकाच थरात. एका बाजूला 5 ते 8 मिनिटं लागतात. मग चिमट्याने उलटा.

इथे घड्याळापेक्षा डोळ्यांवर विसंबा. आधी साल मलूल होते, मग तिच्यावर पांढुरके फोड येतात आणि शेवटी फोडांचे माथे काळे पडतात. साल फुगून गरापासून सुटली, की काम झालं. सालीखालच्या पाण्याची वाफ होऊन ती साल उचलते, म्हणून आच प्रखर आणि वेळ थोडा हवा. मंद आचेवर रेंगाळलात तर गर शिजून लगदा होतो आणि साल तशीच चिकटून राहते. मिरची सगळीकडून कोळशासारखी काळी करण्याचीही गरज नाही. सालीबरोबर गरही जळला, तर तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही.

भाजलेल्या मिरच्या लगेच पातेल्यात टाकून झाकण लावा किंवा वर ओलसर कापड घाला. 10 ते 15 मिनिटं पुरेत. अर्धा तास झाकून ठेवल्या तर हिरवा रंग मळकट होतो आणि गर गळतो. चिले रेयेनोसाठी गर घट्ट हवा असेल, तर झाकण्याऐवजी बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा. विकत भाजून घेतलेलं पोतं गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत तासन्‌तास ठेवणं मात्र धोक्याचं आहे. त्या कोमट ओलाव्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांच्या आत ती मिरची फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये गेली पाहिजे.

सोलणे

आधी हातमोजे घाला. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हात झोंबू लागले तर आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढून ठेवा, मोजे घातले असले तरी.

देठाकडून टोकाकडे बोटांनी साल ओढा. नीट भाजलेली मिरची दोन-तीन ओढींतच मोकळी होते. नळाखाली धरून सोलणं सोपं वाटतं, पण भाजल्याचा सगळा खमंगपणा त्या पाण्याबरोबर वाहून जातो. शेजारी पाण्याचं भांडं ठेवून बोटं त्यात बुडवत राहा, तेवढं पुरतं. सालीचे एक-दोन काळे ठिपके राहिले तर राहू द्या.

तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा आहे. तो आतल्या फिकट शिरांमध्ये आणि बिया जिथे चिकटतात त्या भागात असतो. बियांना तो नुसता लागलेला असतो. सौम्य हवी असेल तर मिरची उभी चिरून, सुरीच्या बोथट बाजूने त्या शिरा खरवडून काढा.

साठवण

फ्रीझरमध्ये ठेवायच्या मिरच्या सोलूच नका. गोठून सुटल्या की साल आणखी सहज निघते. पूर्ण गार करून, पिशवीतली हवा काढून चपट्या थरात ठेवा. वर्षभर टिकतात, मात्र ढिगाने गोठवल्या तर नेमक्या चार काढता येत नाहीत. बरणीबंद करायच्या असतील तर प्रेशर कॅनरच (बरण्या दाबाखाली तापवणारं भांडं) लागतो. मिरचीत आम्ल कमी असतं, त्यामुळे नुसत्या उकळत्या पाण्यात केलेल्या बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं. घरी कॅनर नसेल तर फ्रीझरवरच थांबा.

हिरवा सॉस

चार जणांसाठी अर्धा किलो सोललेली मिरची, एक मध्यम कांदा, लसणाच्या 3 पाकळ्या, 2 मोठे चमचे तेल, 2 मोठे चमचे मैदा, 2 कप चिकन किंवा भाज्यांचा स्टॉक, अर्धा चमचा ओरेगॅनो आणि मीठ घ्या.

मिरची सुरीने बारीक चिरा. मिक्सरमध्ये फिरवली तर हवा शिरून सॉस फेसाळ होतो, आणि खाताना दाताखाली तुकडा यायला हवा तो येत नाही. तेलात कांदा पारदर्शक होऊ द्या, लसूण अर्धा मिनिट परता, मग मैदा घालून दोन मिनिटं भाजा. कच्च्या पिठाचा वास गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टॉक थोडा थोडा ओतत ढवळा, एकदम ओतला की गुठळ्या होतात. आता मिरची आणि ओरेगॅनो घालून मंद आचेवर 20 मिनिटं उकळा. मीठ शेवटी घाला, कारण स्टॉकमध्ये ते आधीच असतं. यातच डुकराच्या मांसाचे तुकडे आणि बटाटे घालून मांस मऊ होईपर्यंत शिजवलं की ग्रीन चिली स्ट्यू होतो.

लाल सॉस

लाल मिरची म्हणजे तीच मिरची, झाडावर पिकवून वाळवलेली. घरांच्या दारांवर टांगलेल्या तिच्या माळांना 'रिस्त्रा' म्हणतात. शोभेसाठी लाख किंवा रंगाचा थर दिलेली माळ खायला वापरू नका.

100 ग्रॅम वाळलेल्या मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजू जेमतेम 20-30 सेकंद दाबा. वास उठला की उतरवा. रंग काळपट झाला तर ती मिरची टाकून द्या. सगळा सॉस एका जळक्या मिरचीने कडू होतो, शिवाय तिच्या धुराने घरभर ठसका लागतो. मग गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवा. ते पाणी चाखून पाहा: कडवट असेल तर ओतून द्या, नसेल तर त्यातलंच घेऊन लसणाच्या 2 पाकळ्यांसह मिरच्या मिक्सरमध्ये बारीक वाटा आणि चाळणीतून गाळा. हे गाळणं टाळू नका, सालीचे चिवट कण घशाला टोचतात. चमचाभर तेलात चमचाभर मैदा परतून त्यात वाटण घाला आणि 15 मिनिटं मंद उकळा. टोमॅटो घालू नका, त्याच्या आंबटपणाखाली मिरचीचा मातकट गोडवा दडपतो. मांस या सॉसमध्ये रात्रभर मुरवून सावकाश शिजवलं की कार्ने अदोवादा होते. आल्बुकर्कीतल्या 'मेरी अँड टिटोज' या साध्या घरगुती रेस्टॉरंटाला 2010 साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला, आणि त्यांची ख्याती याच पदार्थासाठी आहे.

रेस्टॉरंटात मागवताना

दोन्ही सॉस हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणा. अर्धी थाळी लाल, अर्धी हिरवी येते. हिरवी सौम्य आणि लाल तिखट, असा काही नियम नाही. पीक आणि पोतं बदललं की तिखटपणा बदलतो, म्हणून "आज जास्त तिखट कोणती?" हे सरळ विचारा. शंका असेल तर सॉस वेगळ्या वाटीत मागा.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी आधीच विचारा: सॉस मांसाच्या स्टॉकमध्ये केला आहे का, आणि बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी आहे का. मेन्यूवर हे बहुधा लिहिलेलं नसतं. चीज एन्चिलाडाही यातून सुटत नाहीत, कारण वरचा सॉस मांसाचा असू शकतो.

तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, ते तिखट तोंडभर पसरवतं. दूध किंवा सावर क्रीम घ्या, त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून वाहून नेतं. ताटाबरोबर येणारी सोपापिया, म्हणजे पुरीसारखी तळलेली फुगीर, गरम पोळी, याच वेळी कामी येते: तिचा एक कोपरा तोडा, आत मध ओता आणि वाफ निवायच्या आत खा.