मेजर रिलीज काढताय? आधी व्हील उघडून बघा

एखाद्या पायथन पॅकेजची सूत्रं नुकतीच तुमच्या हाती आली असतील आणि ३.० ही मेजर रिलीज (जुना कोड मोडू शकणारी मोठी आवृत्ती) काढायची घाई चालली असेल, तर टॅग लावण्याआधी थोडं थांबा आणि व्हील, म्हणजे बिल्डमधून निघालेली इन्स्टॉल करायची फाइल, उघडून बघा. बिल्ड कसं करायचं, सिमँटिक व्हर्जनिंग काय असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच लिहितेय. पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर, फाइल एकदा चढली की तिच्यातलं अक्षरही बदलता येत नाही. डिलीट केली तरी त्याच नावाने दुसरी चढवता येत नाही. मेजर रिलीजची भीती बाळगायची तर एवढ्याचसाठी.

आमचं पॅकेज अडकलं ते एका ओळीपायी: रिक्वायर्स-पायथन, म्हणजे पॅकेजला कोणतं पायथन चालतं ते सांगणारी ओळ. जुन्या पायथनचा सपोर्ट काढायचा हे कधीचं ठरलं होतं. सीआयमधून (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतून) ३.८ आणि ३.९ गेले, कोडमध्ये ३.१० पासूनच चालणारं मॅच स्टेटमेंट आलं, रीडमीत ‘३.१० पासून पुढे’ असं लिहिलंही. पण सेटअप.पीवाय ही जुनी फाइल मोडीत काढून पॅकेजची सगळी माहिती पायप्रोजेक्ट.टॉमल या नव्या फाइलमध्ये हलवताना ही ओळ मागे राहिली. टेस्ट हिरव्याच दिसत होत्या, कारण बोंब मारायला जुनं पायथन सीआयमध्ये उरलंच नव्हतं.

आता पिप, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन, काय करतं ते नीट समजून घ्या. पायपीआयच्या इंडेक्सवर प्रत्येक फाइलीसोबत तिला कोणतं पायथन चालतं याची अट लिहिलेली असते. आपल्या मशीनवरच्या पायथनला न चालणाऱ्या फाइली पिप आधी बाजूला काढतं आणि उरलेल्यांतली सगळ्यात नवी आवृत्ती उचलतं. अट लिहिलेलीच नसेल, तर ती फाइल सगळीकडे चालते असं धरतं. उबुंटू २०.०४ सोबत पायथन ३.८ येतं, आणि आमचे कितीतरी वापरकर्ते कॉलेजच्या लॅबमध्ये तशाच मशीनवर बसणारे. तिथे ३.०.० विनातक्रार इन्स्टॉल झालं आणि इम्पोर्ट करताच सिंटॅक्स एरर. ऐन प्रॅक्टिकलला अडलेल्या मुलांचे ते इश्यू आठवले की आजही पोटात गोळा येतो.

एवढ्यावर भागत नाही. तुम्ही म्हणाल, ओळ घालून ३.०.१ काढू. काढा, जुन्या मशीनवर काडीचा फरक पडणार नाही. ३.८ वरचं पिप ३.०.१ ची अट वाचून त्याला बाजूला सारेल, एक पायरी खाली येईल आणि अट नसलेलं ३.०.० पुन्हा उचलेल. ३.०.२ काढा, ३.१ काढा, तेच होणार. म्हणून ३.०.० यँक करावंच लागतं, म्हणजे पायपीआयवर ते मागे घेतल्याची खूण करावी लागते. मग पिप ते आपणहून निवडत नाही, जुन्या मशीनला मुकाट २.x मिळतं. ज्यांनी नेमकं ३.०.० च पिन केलंय, म्हणजे हीच आवृत्ती हवी असं लिहून ठेवलंय, त्यांना मात्र ते मिळत राहतं. घाबरून डिलीट करू नका, त्यांचे बिल्ड मोडतील.

वरच्या टोकालाही हाच खेळ आहे. ‘पुढच्या पायथनवर तपासलेलं नाही’ म्हणून अटीला वरून मर्यादा घालू नका. नव्या पायथनवरचं पिप मागे जात जात मर्यादा नसलेली तुमची जुनीपुराणी आवृत्ती शोधेल आणि भलत्याच एररने कोसळेल.

तपासणं सोपं आहे, धीर सोडू नका. व्हील ही साधी झिप फाइल असते. ती उघडा, आतल्या डिस्ट-इन्फो फोल्डरमधली मेटाडेटा नावाची फाइल स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. रिक्वायर्स-पायथन दिसलं पाहिजे. शिवाय सीआयमध्ये जुन्या पायथनवर एक जॉब मुद्दाम ठेवा: तिथे नवं व्हील इन्स्टॉल झालं तर जॉब फेल.

एका बटणात सगळं उरकणाऱ्या रिलीज स्क्रिप्ट मला पसंत नाहीत. ट्रस्टेड पब्लिशिंग (सीआयमधून थेट रिलीज चढवण्याची सोय) जरूर वापरा, २०२३ पासून पायपीआयवर ती सोय आहे आणि टोकन सांभाळत बसावं लागत नाही. पण पहिल्या वेळी बिल्ड आणि तपासणी हातानेच करा. कमिट मेसेज ओतून चेंजलॉग बनवणं तर निव्वळ वाचणाऱ्याचा अपमान. आणि ‘छान आहे, मर्ज कर’ म्हणून निघून जाणाऱ्या सीनियरला मेंटॉर समजू नका. तुमचं मायग्रेशन गाइड हाती घेऊन स्वतःचा जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर आणून बघेल, असं माणूस शोधा, वयाने लहान का असेना.

‘दोन वर्षं वॉर्निंग देत होतो की’ यावरही विसंबू नका. डेप्रिकेशनवॉर्निंग, म्हणजे ‘हे पुढे काढून टाकणार’ असा इशारा, पायथन एरवी दाखवतच नाही, थेट मुख्य स्क्रिप्टमधून उठली तरच दिसते. वापरणाऱ्याच्या कानावर घालायचं असेल तर फ्युचरवॉर्निंग द्या.

तरीही कुणाचं तरी काहीतरी मोडेलच, ते मनाला लावून घेऊ नका. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं १.० आलं २००६ मध्ये, २.० आलं १६ जून २०२४ ला. तारीख आधी जाहीर केलेली, रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणीच्या आवृत्त्या) काढलेले, जुना कोड बदलून देणारा नियम रफ या कोड तपासणाऱ्या लिंटरमध्ये तयार. एवढं करूनही १.x वर कंपाइल झालेली पॅकेजेस अडलीच.

आणखी एक, रिलीज कँडिडेट पिप आपणहून घेत नाही, ‘प्री’चा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे तो नुसता चढवून वाट बघितलीत तर कुणीच वापरून बघणार नाही. तुमच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजच्या मेंटेनरना स्वतः लिहा. उत्तर नाही आलं, तर त्यांचा रेपो क्लोन करून त्यांच्या टेस्ट तुमच्या कँडिडेटवर तुम्हीच चालवा.