इलिनॉयमध्ये डीयूआय इव्हॅल्युएशनच्या कामाला लागणार असाल तर

मी शिकागोजवळ हे काम करते, आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एमए) करून इकडे आलेले आपले बरेचजण या फील्डबद्दल विचारतात म्हणून लिहितेय.

इलिनॉयमध्ये पिऊन गाडी चालवताना (डीयूआय) पकडलं की शिक्षा ठरायच्या आधी ही इव्हॅल्युएशन, म्हणजे माणसाच्या पिण्याचा धोका किती आहे याची तपासणी, करावी लागते. रिस्कचे गट असे, मिनिमल, मॉडरेट, सिग्निफिकंट, हाय. मिनिमलला फक्त १० तासांचा रिस्क एज्युकेशनचा क्लास आणि हायला किमान ७५ तासांची ट्रीटमेंट, म्हणजे तुमच्या एका टिकवर समोरच्याचे कितीतरी महिने ठरतात, घाई अजिबात नको.

नवीन असताना फसायला होतं ते आकड्यापाशी. रक्तातल्या दारूची कायद्याची मर्यादा ०.०८ टक्के. समोरचा सापडलाय ०.२१ ला आणि छातीठोकपणे सांगतोय की मी सरळ चालत होतो, मला चढतच नाही. ऐकून वाटतं चला, फार काही नाही. पण एवढी दारू अंगात असून माणूस सरळ चालतो म्हणजे शरीराला तिची सवय झालीये, काळजी करायची ती इथेच. पहिलीच केस असली तरी ०.२० पासून पुढे तो सिग्निफिकंटमध्ये जातो.

दुसरं म्हणजे "दोनच पेग". इथे एक ड्रिंक म्हणजे साधारण ४५ मिली व्हिस्की. मी टेबलावर काचेचा ग्लास, पाण्याचा जग आणि किचनमधला मेजरिंग कप ठेवते आणि म्हणते, घरी जसा भरता तसा भरून दाखवा. एका काकांनी भरला तो १३० मिली निघाला, म्हणजे त्यांचे दोन पेग इथल्या हिशोबात जवळजवळ सहा. काका बराच वेळ त्या कपाकडेच बघत बसले आणि मग आपणहून म्हणाले, रोजचंच आहे हो हे. फॉर्ममधल्या प्रश्नांनी हे बाहेर आलं नसतं.

गांजाचं आणि झोपेच्या गोळ्यांचं वेगळं विचारा. २०२० पासून इथे मोठ्यांना गांजा कायदेशीर आहे त्यामुळे लोकांना तो सांगण्यासारखा वाटतच नाही, आणि फुंकायच्या मशीनवर तो दिसतही नाही. गाडी चालवताना मात्र तो चालत नाहीच.

दारू शेवटची कधी घेतली हे विचारताना हातांकडे बघा. थरथर, घाम, आधी कधी फिट आली असेल तर कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, एकदम बंद केल्याने जीवावर बेतू शकतं.

आणि मंडळाच्या गणपतीत क्लायंट दिसला तर आपण होऊन ओळख दाखवू नका, शेजारी बायको उभी असते आणि तिला यातलं काही माहीत असेलच असं नाही.