थंडी लांबली तर: किनारपट्टीच्या बागायतदारांसाठी सल्ला

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ अंशांखाली उतरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराची नजर आंब्याच्या कलमाच्या शेंड्यावर जाते. हापूसला थंडी हवीच. जून काडीतून बोंगे (मोहोराचे कोंब) फुटतात ते तिच्यामुळे. किनाऱ्यालगत दव गोठत नाही, म्हणून द्राक्षपट्ट्यासारखा रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करण्याची इथे गरज नाही. वाळक्या गवतात त्याचा धोकाच जास्त. आपलं नुकसान होतं ते थंडी आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकते तेव्हा.

सर्वात महागात पडतो तो पुनर्मोहोर. शेंड्यावर कणी (नुकतीच धरलेली बारीक फळं) असताना थंडी पुन्हा वाढली तर त्याच फांदीवर नवा मोहोर येतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं पिवळी पडून गळतात. ही गळ खत वाढवून थांबत नाही. यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारं द्रव्य): ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. २०० लिटरच्या पिंपाला १० ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी फळं मोहरीएवढी असताना. ही पूड थेट पाण्यात विरघळत नाही, गुठळ्या तळाशी बसतात आणि अर्धी बाग कोरडीच राहते. आधी थोड्या स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवा, मग पिंपात ओता, आणि द्रावण त्याच दिवशी संपवा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ज्या कलमावर अजून पुरेसा मोहोर आलेला नाही, त्यावर हे संजीवक मारू नका. ते मोहोर येणंच रोखतं. शेजाऱ्याने फवारलं म्हणून सरसकट सगळ्या बागेवर पंप फिरवू नये. कलमागणिक बघून ठरवावं.

दुसरी तक्रार नेहमी कानावर येते: मोहोर गच्च, पण फळ नाही. मोहोराची वाढ कडक थंडीत झाली की त्यात नर फुलं जास्त आणि संयुक्त फुलं (नर-मादी दोन्ही भाग असलेली, ज्यांना फळ धरतं ती) कमी निघतात. गारठ्यात माश्या-मधमाश्याही कमी फिरतात, त्यामुळे परागीकरण अपुरं राहतं. अशी फळं गोटी-सुपारीएवढी होऊन गळतात. गळलेली चार-पाच फळं उभी कापून पाहा. बाठ्यात बी सुकलेलं किंवा नसल्यातच जमा असेल, तर दोष परागीकरणाचा आहे आणि त्यावर औषध नाही; पैसे वाचवा. आपल्या हातात इतकंच की फुलोरा पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचा बंदोबस्त बोंगे फुटतानाच करून घ्यावा.

थंड रात्री आणि दमट हवा एकत्र आली की भुरी हा बुरशीचा रोग येतो. मोहोराच्या दांड्यावर पांढरी पूड दिसताच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम, किंवा हेक्झाकोनॅझोल ५ टक्के १० लिटरला ५ मिली. फवारणी दव सुकल्यावर सुरू करून दुपारचा समुद्रावरचा वारा उठण्याआधी आटोपा. ओल्या मोहोरावर औषध टिकत नाही, ओघळून जातं.

फळं वाटाण्याएवढी झाली की मोठ्या कलमाला दर १५ दिवसांनी १५० ते २०० लिटर पाणी, असं तीन-चार वेळा द्यावं आणि बुंध्याभोवती गवताचं आच्छादन करावं. वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढ्या अवस्थेत १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५), म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, फवारलं की गळ कमी होते आणि फळाची प्रतही सुधारते.

उन्हाळी भाताच्या रोपवाटिकेत गारठ्याने रोपं पिवळी पडून वाढ थांबते. वाफ्याला संध्याकाळी विहिरीचं पाणी द्या, ते रात्री हवेपेक्षा उबदार असतं, आणि सकाळी ते थंड झालेलं पाणी काढून टाका. बियाणं पेरण्याआधी २४ तास भिजवून, ओल्या गोणपाटात पेंढ्याखाली ठेवून मोड आणावेत. कलिंगडाची रोपं ट्रेमध्ये करत असाल तर रात्री प्लास्टिक घाला, पण सकाळी ऊन चढताच काढा. विसरलात तर आतल्या वाफेने रोपं मर धरतात.

कोंबड्यांच्या शेडला ज्या बाजूने पहाटेचा वारा शिरतो त्या बाजूला गोणपाटाचे पडदे सोडा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यावी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी पडते, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर जास्त झाली. पडदे सगळीकडून घट्ट बांधले की लिटरमधला (जमिनीवर अंथरलेल्या भुशातला) अमोनिया कोंडतो आणि पिल्लांचे डोळे पाणावतात, म्हणून वरची वीतभर जागा मोकळीच सोडा.