संत्र्याच्या सालीपासून पेक्टिनेज कसे तयार करावे

रस काढल्यावर संत्र्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मागे उरतो, आणि आंबिया व मृग या दोन्ही बहरांत विदर्भात तो बहुधा उकिरड्यावर जातो. या सालीत पेक्टिन, म्हणजे फळातील पेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, भरपूर असतो. तिच्यावर ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवली, तर पेक्टिन फोडून गढूळ रस नितळ करणारे पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) मिळते.

हे काम घरी करू नये. बीजाणू श्वासावाटे अपायकारक ठरू शकतात आणि या बुरशीचे काही वाण ऑक्रॅटॉक्सिन हे विष तयार करतात. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणाहून ओळख पटलेला वाण घ्यावा आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच काम करावे.

ताजी साल वापरू नये, कारण तिच्या तेलातील लिमोनीन बुरशीची वाढ रोखते. साल 50 ते 60 अंश सेल्सिअसला कडक वाळवून भरड दळावी. पीठ केल्यास ओलाव्याने त्याचा गोळा होतो आणि आत हवा खेळत नाही. सालीत नत्र कमी असल्याने 7 ग्रॅम भरडीत 3 ग्रॅम गव्हाचा कोंडा मिसळून, 250 मिलिलिटरच्या शंकूपात्रात अमोनियम सल्फेटचे 1 टक्का द्रावण 15 मिलिलिटर घालावे. माझ्या मते सारे यश या ओलाव्यावर अवलंबून असते: मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये.

कापसाचे बूच लावून पात्र ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, 121 अंशांवर 20 मिनिटे निर्जंतुक करावे. थंड झाल्यावर, मिलिलिटरमागे सुमारे 1 कोटी बीजाणू असलेले निलंबन 1 मिलिलिटर मिसळून पात्र 30 अंशांवर 3 ते 5 दिवस ठेवावे. वाढणारी बुरशी उष्णता निर्माण करते, म्हणून थर पातळ असावा. अशी अनेक पात्रे लावून रोज एक तपासावे; उशीर झाल्यास बुरशीचीच प्रथिने फोडणारी विकरे पेक्टिनेज नष्ट करू लागतात.

काढणीच्या वेळी पात्रात 5 सामूचे (पीएच) 100 मिलिलिटर सायट्रेट बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, घालून अर्धा तास हलवावे, मलमलीतून गाळावे, अपकेंद्रित करावे आणि अर्क 4 अंशांवर ठेवावा. पेक्टिनच्या द्रावणावर अर्काची क्रिया घडवून, त्यातून सुटलेली साखर डीएनएस पद्धतीने (साखरेमुळे रंग बदलणारे रसायन वापरून) 540 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजावी. मात्र सालीतील मूळची साखरही या चाचणीत रंग देते. त्यामुळे उकळून निष्क्रिय केलेला अर्क शेजारी तपासून त्याचा आकडा वजा करावा, अन्यथा साखरच विकर म्हणून मोजली जाईल. उरलेला चोथा पुन्हा निर्जंतुक करूनच बाहेर टाकावा, आणि असा अशुद्ध अर्क खाण्यापिण्याच्या पदार्थांत कधीही वापरू नये.