साथीच्या दिवसांत इंदूरच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप कसा लिहावा

आरोग्याचा निरोप लिहिताना आपला ग्रुप डोळ्यांपुढे ठेवू नका. आठवड्यानंतर, तिसऱ्याच गावात, तुम्हाला न ओळखणारा कोणीतरी तो वाचणार आहे असे धरून लिहा. फॉरवर्ड होताना लिहिणाऱ्याचे नाव आणि मूळ तारीख मागे राहते. म्हणून 'आज', 'उद्यापासून', 'आपल्या इथे' हे शब्द बाद. तारीख, शहर, सांगितले कोणी आणि कधीपर्यंत लागू, हे सगळे मजकुरातच, तेही सुरुवातीला.

कोविडच्या कोव्हिशील्ड लशीच्या दोन डोसांतले अंतर 2021 च्या जानेवारीत 4 ते 6 आठवडे होते. 22 मार्चला ते 4 ते 8 झाले (शक्यतो 6 ते 8), 13 मे रोजी 12 ते 16. तिन्ही आपापल्या दिवशी खरे. पण बिनतारखेचे तीन निरोप एकाच फोनवर आले, की वाचणारा तिन्ही खोटे ठरवून मोकळा होतो.

इंदूरच्या मराठी घरांत शब्दांचीही गोम आहे. आजी मराठी वाचणार, नातू हिंदीतून शिकलेला. 'टीका' त्याच्या लेखी लस, आजीच्या लेखी दोष काढणे. 'जुलाब' तर धोक्याचाच: मराठीत आजार, हिंदीत पोट साफ करण्याचे औषध. तिथे सरळ 'पातळ शौचाला होणे' लिहा. आणि पुण्या-नागपूरच्या नातलगांकडून आलेले नियम महाराष्ट्र सरकारचे असतात. इथे मध्य प्रदेश शासनाचा आणि इंदूरच्या कलेक्टरचा आदेश पाहायचा.

एका निरोपात एकच काम. नमुना:

"इंदूर, (तारीख). कोविडचा रुग्ण घरी असेल तर बोटाची नेलपॉलिश काढा. हात गार असेल तर चोळून गरम करा. 5 मिनिटे शांत बसून ऑक्सिमीटर लावा, आकडा स्थिर होऊ द्या. ऑक्सिजनचा आकडा 94 च्या खाली आला तर डॉक्टरांना फोन. धाप लागली असेल तर आकड्याची वाट न पाहता 108. मजकूर तपासणारे डॉक्टर: (नाव)."

यात हळद नाही, काढा नाही, 'सर्वांना पाठवा' नाही. 'सर्वांना पाठवा' ही ओळ तर कटाक्षाने टाळा; अफवांची तीच खूण आहे. नुसता मजकूर पुढे पाठवताना कोणीही त्यात आपली ओळ घुसडतो, म्हणून तोच मजकूर मोठ्या अक्षरांत चित्र करूनही टाका. चष्मा नसलेल्यांसाठी मिनिटभराचा आवाजी निरोप, त्यातही सुरुवातीला तारीख बोलायची.

ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) विसंबू नका: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. ग्रुपच बरा, पण साथ असेपर्यंत 'फक्त ॲडमिन' ठेवा. सुप्रभातवाले रुसतील, रुसू द्या.

अफवा खोडताना आधी खरे काय ते लिहा, अफवा नंतर, एकाच वाक्यात. मूळ चित्र दाखवायचेच असेल तर लाल फुली चित्राच्या मधोमध मारा. कडेला लिहिलेले 'खोटे' कापून चित्र पुन्हा फिरते. दुहेरी बाण दिसला तर निरोप किमान पाच हातांतून आलेला असतो. त्यावरून तो खोटा ठरत नाही, पण त्याला धनी उरलेला नसतो.

चूक आपलीच झाली तर नुसते डिलीट करून भागत नाही. पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. तासाभरात त्याच आकाराचे, त्याच रंगाचे चित्र 'दुरुस्ती' अशा मथळ्याने टाका. ज्यांनी पहिले पुढे पाठवले त्यांनाच हेही पाठवायला सांगा.

बेड किंवा ऑक्सिजनची माहिती टाकताना फोन करून खात्री केल्याची वेळ लिहा: 'तपासले दुपारी 3:10'. रुग्णाचे नाव, पत्ता, रिपोर्टचा फोटो कधीही नाही. काम झाले की मूळ निरोपालाच 'झाले' असे उत्तर द्या आणि तो काढून टाका, नाहीतर मदत मागणाऱ्या घरचा फोन रात्रभर वाजत राहतो.