‘नवीन’ लॅपटॉपमधला प्रोसेसर किती जुना? घेण्याआधीच ओळखा

सेलमध्ये ‘२०२३ मॉडेल’ म्हणून मिळणाऱ्या लॅपटॉपच्या आतला प्रोसेसर बऱ्याचदा चार वर्षं जुन्या घडणीचा असतो. ‘न्यू’च्या स्टिकरकडे बघू नका, प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा. नुसतं ‘रायझन ५’ किंवा ‘आय५’ सांगणाऱ्या दुकानदाराला पुन्हा विचारा.

१. एएमडी रायझन ७००० किंवा ८००० मालिका असेल तर तिसरा आकडा बघा. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २ (‘झेन’ म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरची घडण, पुढचा आकडा तिची पिढी), मूळ २०१९ चं डिझाइन. ७५३०यू म्हणजे झेन ३, ७६४०यू म्हणजे झेन ४. पहिला ७ फक्त २०२३ चं मॉडेल वर्ष सांगतो. सगळी गंमत तिथेच आहे.

२. इंटेल आय५-१२३५यू मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. नंबर इंटेलच्या साइटवर टाकला की ‘लाँच डेट’ दिसते.

३. दुकानात डेमो पीस सुरू असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट. नंबर तिथेच लिहिलेला असतो.

खोक्यावरच्या निर्मितीच्या महिन्या-वर्षावर मात्र विसंबू नका. ती तारीख लॅपटॉप जोडल्याची, चिपची नव्हे. जुना प्रोसेसर वाईटच असतो असं नाही. टायपिंग, ईमेलला तो पुरतो, पण मग भावही तसाच पाडून मागा.