निपल शिल्ड लावून दूध पाजताना

माझी स्तनाग्रे सपाट असल्यामुळे बाळाला पकड येत नव्हती, तेव्हा स्तनपान सल्लागार ताईंनी सिलिकॉनचे पातळ निपल शिल्ड, म्हणजे स्तनाग्रावर बसवायचे टोपीसारखे आवरण, सुचवले. ते नुसते वर ठेवले तर घसरते. म्हणून कडा कोमट पाण्याने ओल्या करून, शिल्ड अर्धे उलटे करून बसवले, की स्तनाग्र आत ओढले जाते, आणि शिल्डच्या कडेची कापलेली बाजू बाळाच्या नाकाकडे येईल असे पाहावे. बाळाने नुसते टोक चोखले तर दूध कमी उतरते, त्यामुळे वजन आणि ओल्या लंगोटांवर आम्ही लक्ष ठेवले. पुढे पान्हा फुटून बाळ संथपणे पिऊ लागले, की मध्येच शिल्ड काढून त्याला लगेच छातीशी धरत असे, आणि हळूहळू शिल्ड सुटले.